खरा मोठा ड्रायव्हर कोण?

आमच्या डॉर्ममध्ये लाइट्स आउट झाल्यावरही एक वाद चालू असतो: मोटार शर्यतींच्या जुन्या काळातला सर्वांत मोठा ड्रायव्हर कोण?

आकडे पाहिले तर उत्तर सोपे आहे. फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद १९५० साली सुरू झाले. अर्जेंटिनाच्या हुआन मानुएल फँजिओने ते १९५१ मध्ये आणि पुढे १९५४ ते १९५७ सलग, असे पाच वेळा जिंकले. ५१ शर्यती, २४ विजय, म्हणजे जवळजवळ निम्म्या! इंग्लंडचा स्टर्लिंग मॉस ६६ पैकी १६ शर्यती जिंकला, पण विश्वविजेता एकदाही झाला नाही.

पण हे आकडे जमले कसे, तेही पाहावे लागते. त्या काळी एकाची गाडी बंद पडली, तर संघातला दुसरा आपली गाडी त्याला देऊ शकत असे आणि मिळालेले गुण दोघांत वाटले जात. फँजिओच्या २४ पैकी दोन विजय असे वाटणीतले आहेत. १९५६ मध्ये मोंझाला त्याची फेरारी बिघडली. त्याच संघातल्या २४ वर्षांच्या पीटर कॉलिन्सला स्वतःला विजेतेपदाची संधी होती. तरी तो पिटमध्ये आला आणि आपली गाडी देऊन उतरला. विजेतेपद फँजिओला मिळाले. कॉलिन्स दोन वर्षांनी न्यूरबर्गरिंगवर अपघातात गेला. त्याला ते कधीच मिळाले नाही.

मग फँजिओ मोठा नव्हता का? होता, आणि त्याचा पुरावा त्याच न्यूरबर्गरिंगवर, १९५७ मध्ये मिळतो. एक फेरी सुमारे २२.८ किलोमीटरची, अशा २२ फेऱ्या. इंधन आणि टायरसाठी थांबून तो बाहेर पडला, तेव्हा दोन फेरारी पाऊण मिनिटाहून जास्त पुढे होत्या. त्याने फेरीचा विक्रम पुन्हा पुन्हा मोडला आणि शेवटून दुसऱ्या फेरीत दोघांनाही मागे टाकले. वय ४६! (आमचे पीटी उस्तादसुद्धा त्याहून लहान आहेत.)

मॉसची कसोटी वेगळी. १९६१ मध्ये मोनॅकोला जास्त ताकदीच्या फेरारींना त्याने खासगी संघाच्या जुन्या लोटसमधून हरवले. कमी ताकदीच्या गाडीतून जिंकणे, हे माझ्या मते सर्वांत खरे माप.

आणि १९५८? पोर्तुगालमध्ये माइक हॉथॉर्न उलट दिशेने गाडी नेल्याबद्दल बाद होणार होता. त्याचाच प्रतिस्पर्धी मॉस पंचांकडे गेला आणि त्याच्या बाजूने साक्ष दिली. हॉथॉर्नचे सात गुण वाचले. वर्षाअखेर हिशेब झाला: हॉथॉर्न ४२, मॉस ४१. मॉसचे त्या वर्षी चार विजय, हॉथॉर्नचा एक.

माझा शेजारी म्हणतो, मॉस वेडा होता. गेल्या वर्षी क्रॉस-कंट्रीत दुसऱ्या हाऊसच्या एका मुलाचे चेकपोस्टचे टोकन वाटेत पडले आणि तो बाद झाला. त्याने ते घेतलेले मी पाहिले होते. मला कोणी विचारले नाही, मीही बोललो नाही. ट्रॉफी आमच्या हाऊसला मिळाली. त्यामुळे शेजाऱ्याशी मी या मुद्द्यावर फार भांडत नाही.

साक्ष देणे म्हणजे ड्रायव्हिंग नव्हे, हे मला मान्य आहे. पण नुसती विजेत्यांची यादी वाचणाऱ्याला तो एक गुण कुठून आला, हे कळत नाही. माझ्या यादीत फँजिओ पहिला, मॉस दुसरा. हॉथॉर्न, विश्वविजेता असूनही, बराच खाली.