तक्रार करणारेच गुन्हेगार

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या यवतमध्ये दोन सज्ञान पुरुषांचं प्रेम जमलं आणि तिसऱ्या कुणी त्यांचा फोटो दाखवून पैसे मागितले, असं समजा. २०१८ पूर्वी ते यवत पोलीस ठाण्यात गेले असते, तर फिर्याद सांगता सांगता स्वतःचाच गुन्हा कबूल झाला असता.

भारतीय दंड संहिता १८६०ची. तिच्या कलम ३७७मध्ये ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा थेट जन्मठेप अशी शिक्षा होती. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. संमती असली तरी सुटका नाही. त्याच संहितेचं कलम ३८८ मात्र फारसं कुणी वाचत नाही. ३७७च्या आरोपाची भीती घालून खंडणी उकळणाऱ्यालाही जन्मठेप होऊ शकेल, असं त्यात लिहिलं होतं. या कलमाच्या आडून माणसं लुबाडली जाणार, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं! तरीही लुबाडलेल्याला ठाण्याची पायरी चढायची सोय त्यांनी ठेवली नाही. मला यात सर्वांत मोठा अन्याय दिसतो.

२००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने संमतीच्या संबंधांना मोकळीक दिली. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी, नवतेज सिंग जोहर खटल्यात, पाच न्यायमूर्तींनी एकमताने सज्ञानांचे खासगी, संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले.

आज ते दोघे निर्धास्त फिर्याद देऊ शकतात. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ खंडणीचं आहे. गावात ओळख निघेल असं वाटलं, तर दुसऱ्या ठाण्यातही ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. या नव्या संहितेत ३७७ नाहीच. पण त्याबरोबर सज्ञान पुरुषावरच्या बलात्काराचं कलमही गेलं. ही उणीव संसदेने भरायलाच हवी.

लग्नाचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात मिळाला नाही. २०२४मध्ये केंद्राने दोन गोष्टी स्पष्ट केल्या: अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातले मानावं, आणि बँकेत संयुक्त खातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी नेमायला आडकाठी नाही. वारसाहक्क अजूनही नाही. एकाच्या नावावरचं घर दुसऱ्याला मिळावं असं वाटत असेल, तर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावं. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवावी. हरकत घ्यायला भाऊ-पुतणे उभे राहतातच.