घरातले वाय-फाय रात्रीच का रेंगाळते?

गुरुवारची रात्र. कुवेतमध्ये आठ वाजलेले, म्हणजे गावी साडेदहा. आईच्या डोळ्यांवर झोप आलेली असते, पण लेकाचे तोंड पाहिल्याखेरीज ती अंथरुणाला पाठ टेकत नाही. नेमके तेव्हाच पडद्यावरचे चित्र गोठते, आवाज तुटतो आणि ‘आई, ऐकू येतंय का गं?’ यातच दहा मिनिटे जातात. दुपारी हेच यंत्र छान चालत होते! मग आपण इंटरनेट कंपनीला चार शब्द सुनावतो आणि जास्त वेगाची महागडी योजना घेतो. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

वाचकहो, पुष्कळदा दोष कंपनीच्या तारेत नसतो, आपल्या घरातल्या हवेत असतो. तो कसा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अलोहानेट’ सुरू केले. दूरच्या केंद्रांनी मुख्य संगणकाशी टेलिफोनच्या तारांऐवजी रेडिओलहरींवरून बोलायचे, अशी ती योजना. निरोप धाडण्यासाठी सर्वांना मिळून वाट एकच. ज्याला बोलायचे त्याने खुशाल बोलावे. पोचल्याची पावती आली तर उत्तम. न आली तर दोघांचे निरोप एकमेकांत मिसळून फुकट गेले असे समजावे, प्रत्येकाने आपापल्या नशिबाने येईल तितका वेळ थांबावे आणि निरोप पुन्हा धाडावा. गणित मांडले तेव्हा दिसले की अशा कारभारात वाटेचा फार तर १८ टक्के उपयोग होतो. बाकी सारा गोंगाट आणि वाट पाहणे.

वाय-फायचा पहिला अधिकृत नियमसंच, ‘८०२.११’, १९९७ साली आला. हे गडी जास्त सभ्य. आधी ऐकायचे, मग बोलायचे. हवा शांत वाटली तरी लगेच तोंड उघडायचे नाही. प्रत्येक यंत्र सोडत काढल्यासारखा ० ते १५ मधला एक आकडा घेते आणि उलटे मोजू लागते. आजच्या यंत्रांत एक अंक मोजायला सेकंदाचा ९ दशलक्षांश भाग लागतो. मध्येच दुसरे कोणी बोलू लागले की मोजणी थांबते आणि ते गप्प झाल्यावर पुढे चालू होते. शून्य आले की आपली पाळी. पावती आली नाही तर पुढचा आकडा ० ते ३१ मधून घ्यायचा, म्हणजे गर्दी वाढेल तशी थांबण्याची शक्यताही वाढते. बोलता बोलता टक्कर झाली हे यंत्राला कळत का नाही? ढोल वडवणाऱ्याला शेजारच्याची हाक कुठे ऐकू येते? स्वतःच्या आवाजापुढे यंत्र तसेच बहिरे असते.

आता साल्मियातली एखादी इमारत डोळ्यांपुढे आणा. फ्लॅटगणिक एक राउटर, फोन उघडावा तर वीस नावांची यादी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाटा दहाच्या वर असल्या, तरी त्या इतक्या रुंद आहेत की एकमेकींवर न चढणाऱ्या तीनच निघतात: १, ६ आणि ११. तेव्हा शेजारचे बिऱ्हाड तुमच्याच वाटेवर असेल तर तुमच्याच रांगेत उभे असते. पासवर्डने त्याला तुमचा मजकूर वाचता येत नाही, पण रांगेतून त्याला बाहेर काढता येत नाही. आणि महागड्या योजनेने दारापर्यंतचा नळ रुंद होतो, घरातली रांग तेवढीच राहते.

त्यात टोकाच्या खोलीत एखादा जुना फोन असतो. त्याला नीट ऐकू येत नाही म्हणून त्याच्याशी सावकाश बोलावे लागते आणि तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. लग्नात मंगलाष्टके म्हणणारी हौशी मावशी माईक सोडत नाही, तसेच हे! मायक्रोवेव्ह ओव्हन तर रांगच मानत नाही. तो याच पट्ट्यात काम करतो आणि थोड्याशा गळतीनेही गोंगाट माजवतो.

मग करावे काय? प्रथम संगणक तारेने राउटरला जोडून पाहावा. तारेवरही रखडत असेल तर कंपनीला जरूर बोलावे. तारेवर ठीक असेल तर फोन ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्यावा. तिथे वाटा पुष्कळ आहेत. त्या लहरी सिमेंटच्या भिंतीतून कमी जातात ही लोकांची तक्रार असते, पण त्यामुळेच शेजाऱ्याचा त्रासही कमी होतो. राउटर चपलांच्या कपाटातून काढून उंचावर, मोकळ्या जागी ठेवावा. टीव्हीला तार जोडावी, म्हणजे घरातला सर्वांत खादाड पाहुणा रांगेतून उठतो. आईशी बोलायचे असेल तेव्हा राउटरच्याच खोलीत बसावे, आणि दूध ओव्हनमध्ये तापवायचे ते तिने ‘झोप आता’ म्हटल्यावर.