मूल सोपवले म्हणजे जबाबदारी संपत नाही

आईवडील सांभाळू शकत नाहीत अशा मुलाला तात्पुरते सांभाळणारे कुटुंब मिळाले की शासकीय यंत्रणेचे काम संपले, हा समज इतका रूढ आहे की नंतरच्या गृहभेटींकडे चांगल्या कुटुंबावर घेतलेला संशय म्हणून पाहिले जाते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याचे कलम ४४ कोणी एकदा तरी वाचले असेल, तर हा समज पुन्हा पुन्हा ऐकून त्याला खेद वाटल्याशिवाय राहणार नाही. प्रतिपालकत्व, म्हणजे मुलाला जन्मदात्या किंवा दत्तक पालकांखेरीज दुसऱ्या योग्य कुटुंबात काही काळ ठेवणे, हे बालकल्याण समितीच्या आदेशानेच होते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असलेल्या या जिल्हास्तरीय समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असून, तिने सोपवलेल्या मुलाबाबतचे तिचे उत्तरदायित्व त्या आदेशानंतरही चालूच राहते.

याच कलमानुसार समितीने अशा कुटुंबाची दर महिन्याला पाहणी करायची असते आणि कुटुंब काळजीत कमी पडल्याचे आढळल्यास मुलाला तेथून काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवायचे असते. आहार, आरोग्य व शिक्षण यांचा भार कुटुंबावर असला, तरी तो पेलला जातो की नाही हे पाहणे समितीकडे आणि मासिक अर्थसाहाय्य पोहोचवणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असते. परक्या घरात आलेले मूल आपली अडचण बोलून दाखवेलच असे नाही, कारण हेही घर सुटेल ही भीती त्याला गप्प बसवते. म्हणूनच पाहणी म्हणजे उंबरठ्यावर घेतलेली सही नव्हे, तर शाळेतील हजेरी, तब्येत, झोपण्याची जागा पाहणे आणि घरातील मोठ्यांच्या अनुपस्थितीत मुलाशी निवांत बोलणे होय. अशी भेट प्रामाणिक कुटुंबाच्याही हिताची असते, कारण बिथरलेल्या, रात्री दचकून उठणाऱ्या मुलाला समजून घेण्यासाठी लागणारी मदत कुटुंबाला त्या भेटीतच मागता येते. ‘चांगले घर आहे, जायचे कशाला’ हे समर्थन म्हणूनच मुळीच टिकत नाही: घर चांगले आहे हे तिथे गेल्यावाचून कळणार कसे?

जन्मदात्यांचा संबंध कायमचा तुटतो, हेही खरे नाही. पालक असमर्थ ठरल्यामुळे मूल सोपवले गेले असेल, तर समितीने कारणे नोंदवून मनाई केली नसल्यास त्यांना ठराविक काळाने भेटता येते आणि ते सक्षम ठरल्यावर मूल परतही जाऊ शकते. भावंडांची ताटातूट अटळ मानली जाते, परंतु त्यांच्या हिताला बाधा येत नसेल तर त्यांना एकत्र ठेवण्यासाठी सर्व प्रयत्न करणे कायद्याने आवश्यक केले आहे. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपये मिळणारे प्रत्येक मूल प्रतिपालक कुटुंबात असते असेही नाही, कारण एकट्या आईजवळ वाढणाऱ्या मुलालाही ते मिळू शकतात. प्रतिपालकत्व हे दत्तकविधानाचे आडवळणही नव्हे: २०२४च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी दोन वर्षे सांभाळल्यानंतर दत्तकाची वाट मोकळी केली असली, तरी त्यासाठी मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असावे लागते.