‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या घरांसाठी सुरक्षिततेचे ८ नियम

प्रत्येक घरात एक तरी ‘काही होत नाही’वाले काका असतात. नात्याने ते काकाच असतील असं नाही. ते बाबा असू शकतात, आजी असू शकते, नुकतंच लायसन्स मिळालेले चिरंजीव असू शकतात, नाहीतर रोज आरशात भेटणारी व्यक्तीही असू शकते. उघडी वायर दिसली की काका म्हणतात, ‘‘काही होत नाही.’’ स्टूल डुगडुगत असलं तर म्हणतात, ‘‘मी आहे ना!’’ आणि कोणी फारच मागे लागलं तर शेवटचं अस्त्र बाहेर काढतात, ‘‘वीस वर्षं हेच करतोय, काही झालं का?’’

या प्रश्नाला उत्तर देणं अवघड असतं, कारण खरंच काही झालेलं नसतं. झालं असतं तर प्रश्न विचारायला काका इथे नसते. नियम मोडून नव्याण्णव वेळा काहीच होत नाही आणि शंभरावी वेळ आधी फोन करून येत नाही, हीच खरी अडचण आहे. म्हणून हे ८ नियम. यातले बरेचसे तुम्हाला माहीत असतील. काकांनाही माहीत आहेत.

नियम १ : टेबलावर खुर्ची ठेवली म्हणजे शिडी होत नाही

दिवाळीची साफसफाई निघाली की पंखे पुसण्याची मोहीम सुरू होते. खाली डायनिंग टेबल, त्यावर प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीवर रद्दीचा गठ्ठा आणि गठ्ठ्यावर बाबा. खुर्ची धरायला ज्याला उभं केलेलं असतं, त्याचा एक हात खुर्चीला आणि दुसरा मोबाइलवर असतो.

शेजाऱ्यांकडून किंवा सोसायटीतून घडीची शिडी मागून आणण्यात कसलाही कमीपणा नाही. शिडी धरणाऱ्याने फक्त शिडीच धरायची. पंख्याचा रेग्युलेटर शून्यावर ठेवणं म्हणजे पंखा बंद करणं नव्हे. बटण बंद करा आणि घरभर ओरडून सांगा, कारण उकडायला लागलं म्हणून आतून येऊन पंखा लावणारं कोणी ना कोणी घरात असतंच.

पडण्याचा धोका फक्त उंचावर नसतो. घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर बाथरूममध्ये भिंतीला पकडायची दांडी, जमिनीवर न घसरणारी मॅट आणि रात्री जायच्या वाटेवर छोटा दिवा लावून घ्या. या वयात मांडीचं हाड मोडलं तर उठून चालायला लागायला महिने जातात. त्या मानाने दांडी फार स्वस्त पडते.

नियम २ : वीज कोणाची ओळख ठेवत नाही

प्लग तुटला की वायरची दोन टोकं सोलायची, सॉकेटमध्ये खुपसायची आणि ती निसटू नयेत म्हणून आगकाडीची पाचर मारायची. ही पद्धत काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत चालते. आगकाडी आणि वीज एकाच भोकात घालण्यातला विनोद मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन लांब आणि जाड असते, ती शोभेसाठी नाही. प्लग लावताना सर्वात आधी अर्थिंग जोडलं जावं आणि काढताना ते सर्वात शेवटी सुटावं, म्हणून ती तशी बनवलेली असते. ती पिन तोडून प्लग दोन भोकांत बसवणं म्हणजे कुलूप छान लावायचं आणि दार चौकटीतून काढून ठेवायचं.

दुसरा आवडता खेळ म्हणजे पाणी तापवायचा रॉड. बादलीत रॉड चालू आहे आणि काका बोट बुडवून बघताहेत, पाणी तापलं का. क्रम असा हवा : आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड बाहेर आणि त्यानंतर बोट आत. बादली प्लॅस्टिकची हवी, लोखंडाची नको.

घरात आरसीसीबी बसवलेला असेल तर विजेची थोडी जरी गळती झाली, तरी तो क्षणात वीज तोडतो. घरांसाठी साधारणपणे ३० मिलिअँपिअरचा वापरतात. तो सारखा पडतो म्हणून काढून टाकणारे महाभाग आहेत. कुत्रा भुंकतो म्हणून कुत्र्याला हाकलून द्यायचं आणि चोराला घरात ठेवायचं, असाच हा प्रकार. तो पडत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून गळती शोधा.

आणि कोणाला शॉक बसून तो माणूस वायरला चिकटला असेल तर प्रेमापोटी त्याला धरू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर लोटा, मग ११२ला फोन करा.

नियम ३ : गॅसचा वास आला की गुप्तहेर बनू नका

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती लगेच कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. म्हणजे गॅस स्वतः ओरडून सांगतोय, ‘मी बाहेर आलोय!’ तरीही काका अंधारात स्वयंपाकघरात शिरतात आणि नीट दिसावं म्हणून दिवा लावतात. बटणातली एवढीशी ठिणगीही अशा वेळी पुरते.

वास आला तर कोणतंही बटण लावू नका आणि बंदही करू नका. एग्झॉस्ट फॅनलाही हात नको. देवघरातला दिवा, उदबत्ती विझवा. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करा. ही गॅसगळतीसाठीची २४ तासांची हेल्पलाइन आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो. उभ्याने वास कमी येतो म्हणून तो गेला असं समजू नका.

आणखी एक काम वर्षातून एकदा करा. शेगडीला जोडलेल्या नळीवर छापलेली तारीख वाचा. ती नळी साधारण ५ वर्षांनी बदलायची असते. आपल्याकडे फ्रिजवरचं कव्हर दर दिवाळीला बदलतं आणि गॅसची नळी मात्र लग्नात मिळालेलीच असते.

नियम ४ : कढई पेटली तर पाणी नको, झाकण ठेवा

तेल जास्त तापून पेटलं की हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो. आग म्हणजे पाणी, हे आपण लहानपणापासून शिकलोय. पण इथे उलटं होतं. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जातं, तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा मागते. मग पेटलेलं तेल घेऊन ती थेट छतापर्यंत उडते.

अशा वेळी गॅस बंद करा. कढईवर बाजूने सरकवत झाकण किंवा स्टीलची मोठी परात ठेवा आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत उघडून बघू नका. पेटलेली कढई उचलून मोरीकडे धावणं हा पराक्रम टाळा. आग झाकणात मावणारी नसेल तर कढई, कुकर आणि डोसा सोडून बाहेर पडा आणि १०१ला फोन करा.

नियम ५ : बाटलीवर जे लिहिलंय तेच बाटलीत असावं

काटकसर हा आपला गुण आहे, पण कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत फिनाइल, अॅसिड किंवा रॉकेल भरून ठेवणं ही काटकसर नव्हे. चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, पण कोल्ड्रिंकची बाटली लांबूनही ओळखता येते. उन्हातून आलेल्या पाहुण्यालाही ती ओळखता येते.

अशी वस्तू पोटात गेलीच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावू नका. अॅसिड वर येताना घसा पुन्हा जाळतं आणि रॉकेल फुप्फुसात जाऊ शकतं. मुलाला आणि त्या बाटलीला घेऊन ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

टॉयलेट लख्ख व्हावं म्हणून अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकणंही टाळा. त्यातून क्लोरीन वायू निघतो, जो श्वास कोंडतो. एका वेळी एकच वस्तू वापरा. गॅसवर चालणारा गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला ना रंग, ना वास. थंडीत दार-खिडकी घट्ट लावून निवांत आंघोळ करणारा माणूस त्यामुळे आतच बेशुद्ध पडू शकतो.

नियम ६ : हेल्मेट कोपरासाठी नसतं

आपल्या रस्त्यांवर हेल्मेट तीन ठिकाणी दिसतं : कोपरात, पेट्रोलच्या टाकीवर आणि पोलीस दिसले की डोक्यावर. न घालण्याचं कारण ठरलेलं, ‘‘इथे कोपऱ्यावर तर जायचंय.’’

थोडं गणित करू. ताशी ४० किलोमीटर वेगात डोकं आपटणं म्हणजे साधारण ६ मीटर उंचीवरून, अंदाजे दुसऱ्या मजल्यावरून, पडण्यासारखं आहे. कोपरा जवळ असला म्हणून मजला कमी होत नाही. हेल्मेट आयएसआय मार्कचं असावं आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला असावा. पट्टा नसेल तर पडताना सर्वात आधी हेल्मेटच पळून जातं.

कारमध्ये तर आणखी मजा. पुढे लिंबू-मिरची, डॅशबोर्डवर देव आणि सीटबेल्टचा बीप बंद करायला खास विकत आणलेली नकली क्लिप. मागे बसणाऱ्यांना तर बेल्ट त्यांच्यासाठी आहे हेच पटत नाही. सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळ झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. दोघंही मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. गाडी नामांकित कंपनीची, महागडी होती. बेल्टची उणीव गाडीची किंमत भरून काढत नाही.

फोनचंही गणित सोपं आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात ३ सेकंद मेसेज वाचला तर गाडी ५० मीटर डोळे मिटून धावते. एवढ्या अंतरात शाळेचं फाटक, गाय, रिक्षा आणि रिक्षातून अचानक उतरणारे काका, सगळं मावतं.

नियम ७ : वाहत्या पाण्याशी पैज लावू नका

पावसाळा आला की धबधब्याखाली फोटो हवाच. पण डोंगरावर तासापूर्वी पडलेला पाऊस खाली पोहोचायला वेळ घेतो आणि तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं. जून २०२४मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं, त्यात लहान मुलं, लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. सहलीला आलेलं ते तुमच्या-आमच्यासारखंच कुटुंब होतं.

पुलावरून पाणी वाहत असेल तर ‘आधीची गाडी गेली ना’ हा पुरावा धरू नका. जोरात वाहणारं साधारण १५ सेंटीमीटर पाणी धडधाकट माणसाचा तोल घालवतं आणि ६० सेंटीमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. तासभर थांबा, चहा प्या, भजी खा. पूल तिथेच राहील, तुम्हीही राहाल.

नियम ८ : फोनवरचा साहेब फोनमध्येच असतो

हल्लीचे चोर दरवाजा फोडत नाहीत, व्हिडिओ कॉल करतात. खाकी कपडे, मागे पोलीस ठाण्याचा देखावा आणि आवाजात जरब : ‘‘तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही!’’ नवऱ्याचं न ऐकणाऱ्या मावशी आणि बॉसला न जुमानणारे साहेबही इथे घाबरतात आणि आयुष्यभराची पुंजी पाठवून मोकळे होतात.

आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट सांगितलं होतं. खरे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि सुटकेसाठी ऑनलाइन पैसे मागत नाहीत. फोन ठेवा. उद्धटपणा वाटला तरी ठेवा.

दुसरी गोष्ट, पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. तरीही फसवणूक झालीच तर लाजेने चार दिवस गप्प बसू नका. लगेच १९३०ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात पोहोचण्याआधी तक्रार झाली तर ते अडवता येण्याची शक्यता असते. घरच्यांनीही ‘‘एवढी अक्कल नव्हती का?’’ हा प्रश्न त्या दिवशी गिळून टाकावा. या एका प्रश्नाच्या भीतीने अनेकजण वेळेवर बोलत नाहीत.

काकांना कसं समजवायचं?

उपदेश करून उपयोग नाही. ‘काही होत नाही’वाल्या माणसाला उपदेश केला की तो आणखी एक खुर्ची वर चढवतो. त्यापेक्षा त्यांना पद द्या. घरात जाहीर करा, ‘‘आजपासून काका आपले सुरक्षा अधिकारी.’’ या रविवारी अर्धा तास काढून त्यांच्याकडून गॅसच्या नळीची तारीख तपासून घ्या, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघायला सांगा, फिनाइलच्या बाटल्या वरच्या कपाटात हलवा आणि ११२, १०१, १९०६, १९३० हे चार क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा. मुलांना मदतीला द्या, म्हणजे त्यांचेही पाठ होतील.

आपल्याकडे म्हण आहे, बैल गेला आणि झोपा केला. बैल गोठ्यात उभा आहे तोवरच दार लावून घेतलेलं बरं. सुरक्षा अधिकारी पुढच्या दिवाळीत पुन्हा टेबलावर खुर्ची ठेवताना दिसलेच, तर काही बोलू नका. शेजारून शिडी आणा, त्यांच्यासमोर उभी करा आणि घट्ट धरून ठेवा. मोबाइल तेवढा खिशात असू द्या.