रोजा, औषध आणि नोंदवही

उमर झाली, मधुमेह जडला, तरी रोजा सोडायला वडीलधारी मंडळी सहसा तयार होत नाहीत. वृद्धाश्रमात राहणाऱ्या आजी-आजोबांचेही तसेच. घरी सून किंवा नात चेहरा पाहून ओळखते, की आज काहीतरी बिनसले आहे. वृद्धाश्रमात मात्र पाळी बदलली की लक्ष ठेवणारी व्यक्तीही बदलते. म्हणून तिथे डॉक्टरांच्या लेखी सूचनेला फार महत्त्व आहे.

रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणी नाही, गोळीही नाही. त्यामुळे ‘सकाळी एक, दुपारी एक’ असा नेहमीचा कागद रमजानमध्ये चालत नाही. सहरीला नेहमीच्याच मात्रेत औषध घेतले, तर दुपारी साखर एकदम उतरू शकते. मात्रा आणि वेळ डॉक्टरांनीच बदलून द्यायची असते. तीही शक्यतो रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी.

नुसते ‘साखर तपासा’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या वेळी तपासायची आणि कोणत्या आकड्याला काय करायचे, हेही लिहिलेले हवे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचे रमजानविषयक मार्गदर्शन सांगते. घाम, थरथर, गोंधळलेपणा दिसला तर लगेच तपासावे. दुपारी ६८ आकडा वहीत लिहिला आणि कोणालाच कळवले नाही, तर नोंद झाली, पण डॉक्टरांची सूचना पाळली गेली नाही.

इथे कर्मचाऱ्यांचा संकोच आड येतो. दुसऱ्याच्या धर्मात आपण कसे बोलायचे, असे त्यांना वाटते. पण बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. ज्यांना ते कधीच जमणार नाही, त्यांच्यासाठी फिद्या, म्हणजे प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवण, हा मार्ग आहे. हे आजोबांना डॉक्टरांनी आणि मौलानांनी आधीच सांगितले, तर ऐन दुपारी वाद होत नाही.

इफ्तारसाठी खजूर घेऊन भेटायला जाणाऱ्या नातेवाइकांनी एकदा ती नोंदवहीही मागून पाहावी. आजचा आकडा किती, कोणी पाहिला आणि डॉक्टरांना कळवले का?