चिखलातील मळसूत्र

आषाढात शहापूर व मुरबाड तालुक्यांतील भातखाचरे पाण्याने भरतात. चिखलणी होते, लावणी सुरू होते आणि माणसे दिवसभर चिखलपाण्यात वाकून उभी राहतात. उंदीर-घुशींचे मूत्र या पाण्यात मिसळले, तर त्यासोबत लेप्टोस्पायरा हा जंतूही येऊ शकतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर याच जंतूने लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरविली होती.

हा जंतू साधारण ६ ते २० मायक्रोमीटर लांब असतो. जाडी मात्र एका मायक्रोमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी. आकार मळसूत्रासारखा. स्वतःभोवती फिरत तो पुढे सरकतो. द्रव दाट व चिकट असेल, तर त्याची चाल मंदावेल असे कोणासही वाटेल. परंतु १९७५ मध्ये कायझर व डॉएच या अमेरिकी संशोधकांनी मिथाइलसेल्युलोज मिसळून द्रव दाट केला, तेव्हा उलटेच दिसले. जंतू अधिक वेगाने जाऊ लागला.

याचे मर्म स्वयंपाकघरातही उमगते. भेंडी चिरताना सुटणारी तार पाण्यासारखी वाहते आणि रबरासारखी आखडतेही. अशा द्रवात लांब साखळ्यांचे रेणू एकमेकांत गुंतून सैल जाळे झालेले असते. बर्ग व टर्नर यांनी १९७९ मध्ये याच जाळ्याकडे बोट दाखविले. साध्या पाण्यात सूक्ष्म मळसूत्र फिरते पुष्कळ, पण घसरते अधिक. जाळ्यात मात्र त्याला लाकडातील स्क्रूप्रमाणे पकड मिळते. आपल्या शरीरातील श्लेष्मल आवरणे व पेशींमधील भरणही असेच चिकट आणि लवचीक असते. जे रोखील असे वाटते, तेच या जंतूला वाट देते.

म्हणून त्याला दाराशीच अडविणे शहाणपणाचे. पायावरील जखम झाकावी, शेतात गमबूट वापरावेत, काम संपताच हातपाय साबणाने धुवावेत. किराणा दुकान, भातगिरणी आणि गोदाम यांतही पोती फळ्यांवर रचावीत, सांडलेले धान्य रोज उचलावे, दारांच्या फटी बुजवाव्यात. अन्न मिळाले नाही की उंदीर फिरकत नाहीत; जीव घेण्याची वेळच येत नाही. गोदाम झाडणाऱ्या कामगाराला हातमोजे व बूट देणे ही मालकाची जबाबदारी होय.

पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळ्यांत लाली दिसल्यास अंगावर काढू नये. डॉक्टरांना चिखलपाण्याचा किंवा उंदरांचा संपर्क आवर्जून सांगावा. प्रतिजैविके वेळेत मिळाली, तर हा आजार बरा होतो; उशीर झाला, तर तो मूत्रपिंड व यकृतापर्यंत पोहोचतो.