पहिलवान मोटारीचे दागिने

नवा सोफा घरात आला, की त्यावरचे प्लॅस्टिकचे वेष्टण काढू न देणारी एक तरी व्यक्ती प्रत्येक कुटुंबात असते. ‘असू दे, खराब नाही होणार,’ एवढेच तिचे म्हणणे! हा स्वभाव फक्त आपल्याच घरांतला, अशी कुणाची समजूत असेल, तर त्यांनी अमेरिकेतल्या डॉज चॅलेंजर या मोटारीची हकीगत अवश्य ऐकावी.

या गाडीच्या काही मॉडेलांना पुढच्या बंपरखाली, जमिनीलगत, पातळ ओठासारखी एक पट्टी असे. तिला स्प्लिटर म्हणतात. कारखान्यातून दुकानापर्यंतच्या प्रवासात या ओठाला ओरखडे पडू नयेत, म्हणून कंपनी त्यावर पिवळ्याधमक प्लॅस्टिकचे आवरण बसवून देई. गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी विक्रेत्याने ते काढून टाकावे, ही अपेक्षा. पण झाले भलतेच! पुष्कळ मालकांना तो पिवळा काठ इतका आवडला, की त्यांनी तो काढूच दिला नाही. पुढे तर अशी आवरणे सुटी विकत मिळू लागली. विरुद्ध पक्षाने त्यांची यथेच्छ टिंगल केली. आणि त्यांचा मुद्दाही खोटा नव्हता. आवरण आणि ओठ यांच्या फटीत धूळ नि खडे अडकतात, गाडीच्या कंपाने घासत राहतात, आणि ज्या रंगाच्या रक्षणासाठी आवरण ठेवले, तोच रंग खरवडला जातो.

गोष्ट गमतीची खरी. पण मोटारीच्या साऱ्या नट्ट्यापट्ट्याचे मर्म तिच्यात आहे. गाडीवर काहीही चढवण्यापूर्वी मालकाने दोनच प्रश्न विचारावेत. हा दागिना काही काम करतो का? आणि उद्या नको झाला, तर अंगाला इजा न होता उतरवता येईल का?

चॅलेंजर ही ‘मसल कार’ म्हणून ओळखली जाते. मसल म्हणजे स्नायू. बेताच्या आकाराची, दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात आठ सिलिंडरांचे दांडगे इंजिन बसवायचे, असा हा पहिलवानी प्रकार. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओ या गाडीपासून त्याची लाट उसळली, असे सामान्यतः मानतात. चॅलेंजर या लाटेवर १९७० च्या मॉडेलाने आली आणि १९७४ मध्ये थांबली. विम्याचे वाढते हप्ते, धुराविषयीचे कडक नियम आणि १९७३ चे तेलसंकट यांनी या पहिलवानांची खुराकच तोडली होती. पुढे २००८ मध्ये जुन्या चेहऱ्यामोहऱ्याची नवी चॅलेंजर आली, आणि तिच्याबरोबर दागिन्यांची हौसही परतली.

या दागिन्यांतले उत्तम ते, जे मुळात अवजार आहेत. बॉनेटवरचे हवेचे तोंड, म्हणजे ‘स्कूप’, हे त्याचे चांगले उदाहरण. इंजिनाला पेट्रोलबरोबर हवाही लागते, आणि ती जितकी थंड तितकी दाट. दाट हवेत प्राणवायू जास्त, म्हणून जोरही जास्त. ‘शेकर’ नावाच्या प्रकारात हे तोंड बॉनेटला नव्हे, तर थेट इंजिनाला जोडलेले असते आणि बॉनेटच्या भोकातून वर डोकावते. इंजिन थरथरले की तेही थरथरते! २०१५ च्या ‘हेलकॅट’ या ७०७ अश्वशक्तीच्या मॉडेलात तर चालकाच्या बाजूचा आतला दिवा पोकळ ठेवून त्यातूनच हवा ओढून घेतली होती. पाहणाऱ्याला वाटावा दिवा, असावे नाक! २०१८ च्या ‘डीमन’ मॉडेलाच्या स्कूपचे तोंड ४५.२ चौरस इंचांचे होते. त्या गाडीत वजन वाचवण्यासाठी चालकाखेरीज इतरांच्या बैठकाच दिलेल्या नव्हत्या. ज्याला हव्या, त्याने पुढची बैठक एका डॉलरला आणि मागची आणखी एका डॉलरला मागून घ्यावी, अशी सोय होती.

आता बाहेरच्या बाजारात मिळणारे नुसते चिकटवायचे स्कूप पाहा. खाली भोकच नाही. हवा जाणार कुठे? ही बिनकाचेच्या चष्म्याची ऐट. मागच्या पंखाचेही तसेच. १९६९ च्या डॉज चार्जर डेटोना या गाडीला २३ इंच उंचीचा पंख आणि टोकदार नाक होते. तिच्याच जातीच्या गाडीने २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगाच्या बंदिस्त मार्गावर ताशी २०० मैलांची मर्यादा ओलांडली. अशा वेगाला मागची चाके जमिनीला दाबून धरण्यासाठी पंख लागतोच. पण बाजाराच्या रस्त्यावर ताशी वीस मैलांनी जाताना त्याचा उपयोग चिमण्यांना बसायलाच!

चाकांच्या बाबतीत हौस अधिक महागात पडते. मोठ्या रिंगवर टायरची कड पातळ होते. गाडी रुबाबदार दिसते, परंतु प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो आणि रिंगही वाकते. उलट, घडीव अॅल्युमिनियमची हलकी रिंग खरोखर काम करते. स्प्रिंगखालचे वजन घटले, की चाक रस्त्याला चिकटून राहते. २०१८ पासून कंपनीनेच रुंद अंगाची, साडेतीन इंच जास्त फाकलेली चॅलेंजर दिली, ती रुंद टायर सामावून घेण्यासाठी. बाहेरच्या कारागिराकडून तेच करून घेताना मात्र मडगार्ड भोसकावे किंवा कापावे लागण्याचा संभव असतो; आणि कापलेला पत्रा पुन्हा वाढत नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की २२ डिसेंबर २०२३ रोजी कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून अखेरची चॅलेंजर बाहेर पडली. तिची प्रतिस्पर्धी शेव्हरोले कॅमॅरोही त्याच सुमारास बंद झाली. म्हणजे आज ज्याच्याकडे चॅलेंजर आहे, त्याच्या दारी एक पूर्ण झालेली मालिका उभी आहे. अशा गाड्यांना पुढे मान मिळतो, तो बहुधा मूळ रूपात राखलेल्यांना. म्हणून शहाणा मालक रंग खरवडण्याऐवजी विनाइलचे पातळ वेष्टण चढवतो. हवे ते पट्टे, हवी ती छटा. आणि काही वर्षांनी नीट सोलून काढले, की खालचा मूळ रंग जसाच्या तसा. मूळ रिंगा नि बंपर गुंडाळून माळ्यावर ठेवावेत, हे तर आपल्याकडच्या गृहिणीला सांगायलाच नको!

ही चॅलेंजर आपल्या देशात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. पण हौस मात्र आपल्याकडच्या लहानमोठ्या गाड्यांच्या मालकांनाही आहेच. त्यांनी तिसरा एक प्रश्न लक्षात ठेवावा: कायद्याला हे चालेल का? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कारखानदाराने ठरवलेल्या मूळ घडणीत मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निकाल दिला. रंग बदलला, तर त्याची नोंद नोंदणीपुस्तकात करून घ्यावी लागते. चिरंजीवांनी कर्कश सायलेन्सरचा हट्ट धरला, तर वडिलांनी हे कलम खुशाल पुढे करावे.

आणि आवाजावरून आठवले. डॉजने २०२४ मध्ये चार्जर डेटोना हेच जुने नाव पुन्हा काढले. पण या वेळी गाडी विजेवर चालणारी! तिच्या नाकाशी एक आडवा पंख आहे आणि त्याखालून हवा खरोखर वाहते, म्हणजे तो कामाचा. मात्र विजेच्या मोटारीला गर्जना कुठली? म्हणून कंपनीने मागच्या बाजूला खास यंत्रणा बसवून आठ सिलिंडरांसारखी डरकाळी निर्माण केली. शौकिनांमध्ये यावरून पुन्हा दोन तट पडले. पाठोपाठ सहा सिलिंडरांची पेट्रोलवरची चार्जरही कंपनीने आणली. आजवर दागिना डोळ्यांसाठी होता. आता तो कानांसाठीही निघाला. तो काम करतो का, हे ज्याने त्याने आपल्या कानांना विचारावे. उतरवता मात्र येतो. एक बटण दाबले, की झाले!